वाटा नको म्हणणारे पंच

वाटूरला मला खोली मिळाली ती दमावर. गुरांच्या दवाखान्यात नेमणूक झाली होती, गाव नवखं होतं, आणि फाट्यावरच्या चहावाल्यानं "पंचांना इचारा, त्यांची खोली रिकामी हाये" म्हणून एका माणसाकडे बोट दाखवलं. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खडू फासलेले कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी. ते मला घरी घेऊन गेले. वाटेत त्यांनी माझं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही. अंगणात पोचल्यावर म्हणाले, "ह्या लिंबापासून त्या हिरीपर्यंत कबड्डी म्हनत जा. दम तोडायचा न्हाई."

मी सरकारी नोकर, हातात ट्रंक. पण त्यांच्या बोलण्यात नाही म्हणायची सोयच नसायची. मी ट्रंक ठेवली आणि कबड्डी कबड्डी करत निघालो. विहिरीच्या बऱ्याच अलीकडे दम संपला आणि मी उघडउघड थांबून धापा टाकायला लागलो. पंचांनी शिट्टी वाजवली.

"दम कमी हाये, पन चोरटा न्हाई. दुसरा असता तं तोंड फिरवून श्वास घेतला असता. या, खोली दाखवतो."

बदली होईपर्यंत मी त्याच खोलीत राहिलो.

लोक त्यांना पंच म्हणायचे ते ग्रामपंचायतीमुळे नव्हे, कबड्डीमुळे. तरुणपणी त्यांनी स्वतः चढाया केल्या, एका जत्रेत गुडघा मोडून घेतला, आणि खेळता येत नाही म्हटल्यावर शिट्टी उचलली. परतूर तालुक्यातला एकही सामना त्यांच्याशिवाय सुरू होत नसे. त्याला कोणाची हरकत नव्हती. हरकत अशी, की सामना संपला तरी त्यांची शिट्टी संपत नसे. लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं एखादं पान ओलांडलं की शिट्टी. आमच्या दवाखान्यात कोणी नंबर सोडून म्हैस पुढे घातली की शिट्टी. एकदा बांधाच्या भांडणात दोन सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे राहिले. पंचांनी जीव खाऊन शिट्टी फुंकली, आणि लहानपणापासून तिच्या आवाजाला थांबायची सवय लागलेले ते दोघे जागच्या जागी थांबले. पुढे कोर्टात गेले ते निराळं, पण त्या दिवशी डोकी फुटली नाहीत.

घराच्या अंगणात त्यांनी फक्कीनं रेघा मारून ठेवल्या होत्या. ही भाडेकरूची हद्द, ही पाहुण्यांची, ही शेळीची. शेळी सोडून सगळे त्या पाळायचे. एकदा ते फक्कीचा डबा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात वाकले, तेव्हा काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून म्हणाल्या, "चुलीपुढं रेघ मारली तं लाटण्यानं लोण देईन तुमच्यावर!" पंच निमूट मागे सरले. काकूंच्या निर्णयावर त्यांनी कधी दाद मागितल्याचं मला आठवत नाही.

गडी पारखायची त्यांची जागा म्हणजे फाटा. जालना, मंठा, परतूर, तिन्हीकडच्या गाड्या तिथे थांबत. पंच सकाळी टपरीपुढच्या बाकावर बसत आणि कोण कसं उतरतं ते बघत. त्यांचं शास्त्र असं, की गाडी पुरती थांबायच्या आत जो उतरतो आणि उतरल्यावर टाच टेकवत नाही, तो चढाईचा गडी. जो दारात थांबून आधी म्हाताऱ्याचं बोचकं खाली देतो, तो कोपऱ्याचा. "मैदानावर मानूस नाटक करतो. गाडीतून उतरताना न्हाई करत," ते म्हणायचे. शास्त्र दर वेळी खरं ठरायचं असं मात्र नाही. एकदा मंठ्याच्या गाडीतून एक जण असा काही झेपावला, की पंच चहा टाकून उठले आणि त्याला दंडाला धरून थेट मैदानावर घेऊन आले. तिथे कळलं, की त्याला कबड्डीतलं ओ की ठो येत नाही. तिकीट काढलं नव्हतं, म्हणून कंडक्टर मागे यायच्या आत त्यानं उडी टाकली होती. आम्ही पोट धरून हसलो. पंच काडीचेही वरमले नाहीत. "उडी तं चांगली होती ना?" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सरावाला ये म्हणून त्याला बजावलं. तो कशाला येतोय!

दत्ता हा त्यांचा एकुलता एक मुलगा. शेतीही तोच बघायचा. चढाईला निघाला की आजूबाजूच्या गावची माणसं बैलगाड्यांवर उभी राहून बघत. लांब पाय, निवांत डोळे, आणि दम असा की समोरचे कंटाळावेत. पण परतूर तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. परभणीच्या संघात प्रत्येक तालुक्याचा वाटा ठरलेला, आणि आमच्या तालुक्याच्या वाट्याला कशीबशी एक जागा यायची. ती कोणाला द्यायची हे वर कोणाची ओळख आहे त्यावर ठरे. दत्ता दर वर्षी निवडीला जाई आणि दर वर्षी परत येई. जिल्ह्याकडून खेळलेल्या पोराला पोलिसभरतीत विचारतात हे गावाला ठाऊक होतं. पण दत्ताचा जीव भरतीपेक्षा त्या बनियनमध्ये अडकला होता. छातीवर जिल्ह्याचं नाव असलेली बनियन. काकूंचाही.

एक्क्याऐंशी साली जालना वेगळा जिल्हा झाला आणि परतूर तालुका परभणीतून निघून जालन्यात आला. नव्या जिल्ह्याचा पहिला संघ निवडायचा होता. पतियाळ्याच्या क्रीडासंस्थेतून शिकून आलेला एक तरुण कोच नेमला होता, आणि त्याच्या जोडीला प्रत्येक तालुक्याचा एक जाणता माणूस. परतूरचे जाणते अर्थातच पंच. वाटूरनं तिथल्या तिथे निकाल लावून टाकला. बाप कमिटीत म्हटल्यावर दत्ताचं काम झालंच. काकूंनी शेजारणींना सांगितलंही, "यंदा पोराच्या अंगावर बनियन पाहीन मी."

निवडीच्या दिवशी मला सुट्टी होती. पंचांनी "चला" म्हटलं आणि मी गेलो. जालन्यातल्या एका शाळेचं मैदान. वाटूरची दोन ट्रक माणसं आधीच येऊन बसली होती. दत्तानं पहिल्याच चढाईत दोघांना टिपलं आणि आमची माणसं बेभान होऊन ओरडली, "परभणी! परभणी!" इतक्या वर्षांची जिभेची सवय. सगळं मैदान आमच्याकडे वळून बघायला लागलं. पंचांनी शिट्टी वाजवून त्यांना गप्प केलं, पण भोकरदनवाल्यांना जे बघायचं ते बघून झालं होतं.

दुपारी शाळेच्या एका वर्गात बैठक बसली. मी दाराशी होतो. बारा गडी, पाच तालुके. दर तालुक्याला दोन, हे सगळ्यांच्या मनात घरूनच ठरून आलं होतं. भांडण होतं ते उरलेल्या दोघांवरून. भोकरदन तालुक्याकडून हसनाबादचे अण्णा आले होते. भरदार माणूस, तसाच आवाज. ते म्हणाले, आमचा तालुका मोठा. जालन्याचे म्हणाले, जिल्ह्याचं ठिकाण आमचं. कोचनं हातातली वही मिटली. शेवटी म्हणाला, "मग माझं काम काय?"

"तुमी शिकवा की," अण्णा म्हणाले. "आमी देऊ ते शिकवा."

तेव्हा पंच उठले. "वाटा भावकीत करतात, अण्णा. समोरच्या संघाला काय सांगनार? ह्याला धरू नका, ह्यो अंबडच्या वाट्याचा हाये? निवड एकट्या कोचनं करावी. आपन फकस्त बघावं, बराबर करतो का न्हाई. वाट्यानं संघ कसा मरतो ते मी पाह्यलंय. आपल्या परभणीत तं दर वर्षी..."

"बघा!" अण्णांनी टेबलावर हात मारला. "आपल्या परभणीत! ह्यांचा जिल्हाच आजून तिकडं हाये, आन् आमाला शिकवून राह्यले!"

सगळे हसले. पंचांनी शिट्टी तोंडात धरली, स्वतःवरच फुंकली, "रेषेभाईर गेलो, बाद" म्हणाले आणि चालत वर्गाबाहेर जाऊन व्हरांड्यात उभे राहिले. हात मागे, मान ताठ. आत कोणाला काय करावं ते कळेना. कबड्डीचा नियम असा, की बाद झालेला गडी आपल्या बाजूनं समोरचा कोणी बाद केल्याशिवाय आत येत नाही. पंच तो नियम बैठकीतही मोडणार नव्हते. बोलणं अडलं. शेवटी अंबडचे म्हातारे सभासद, जुने खेळाडू, हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसत म्हणाले, "अरे, वाट्यानं संघ मरतो ह्या मुद्द्याला अण्णाकडं जवाबच न्हाई. म्हंजे अण्णा बाद. पंच जिवंत झाले, बोलवा त्यांना आत." पंच आत आले आणि जिथे वाक्य तुटलं होतं तिथूनच पुढे बोलायला लागले. त्यानंतर त्यांना अडवायचा कोणाचा उत्साह राहिला नाही. वाटा नाही, निवड कोचची, असा सगळ्यांनी एकमेकांना शब्द दिला. पंच माझ्याकडे बघून मिशीत हसले. दत्ता गुणावर निवडला जाणार याची त्यांना तेवढीच खात्री होती, जेवढी सूर्य उगवण्याची.

कोचनं बारा नावं वाचली. परतूर तालुक्याचं त्यात एकही नव्हतं.

मी पंचांकडे बघायचं टाळलं. ते मात्र लगेच भांडायला उठले, आणि भांडले ते बाप म्हणून नव्हे, पारखी म्हणून. दत्ताइतका दम पाची तालुक्यांत दाखवा. त्याच्याइतका लांब पाय दाखवा. आज सकाळी किती गडी टिपले ते सांगा. कोचनं सगळं ऐकून घेतलं. तो उद्धट नव्हता. म्हणाला, "दम आहे, पंच. पाय आहे. पण परत येताना तो दर वेळी डावीकडूनच येतो. भोकरदनकडच्या धावड्याच्या कैलासनं ते दोन चढायांत ओळखलं आणि तिसऱ्या वेळी आधीच तिथे जाऊन थांबला. तुम्ही पाहिलं का?"

पंचांची मान खिडकीकडे वळली. मग म्हणाले, "पाह्यलं."

खोटं बोलणं त्यांना जमलं असतं तर बरं झालं असतं असं मला त्या क्षणी वाटलं. खिडकीबाहेर दत्ता उभा होता. केस ओले, खांद्यावर टॉवेल, आणि डोळे आमच्याकडे. त्याला आतलं सगळं ऐकू येत होतं.

आणि मग अण्णांनी कमाल केली. सकाळपासून पंचांना टोचणारा तो माणूस मऊ आवाजात म्हणाला, "पंच, जाऊ द्या ते मघाचं. दोन-दोन करून टाकू. पोरगं चांगलं हाये तुमचं. कोन काय बोलनार हाये?" अंबडनं मान हलवली. जाफराबादनंही हलवली. कोच नुसता पंचांकडे बघत राहिला. पंचांनी फक्त हो म्हणायचं होतं. तेही नाही, गप्प बसले असते तरी चाललं असतं.

"न्हाई," पंच म्हणाले. "शब्द गेला आता." मग कोचकडे वळून म्हणाले, "पन उजवीकडून कसं फिरायचं ते त्याला सांगा. मला नका सांगू, त्याला सांगा."

आम्ही परतीची गाडी धरली. वाटूर फाट्यावर हलगी वाजत होती, हार तयार होते. पंच सगळ्यांच्या आधी उतरले आणि उतरल्या उतरल्या सांगून टाकलं, आपलं कोणी नाही. हलगी थांबली. एकानं विचारलं, "मंग तुमी काय केलं तिथं?"

"मी वाटा सोडला."

पुढचे काही महिने गावानं त्यांना सोडलं नाही. पंचानं पोराचा गळा कापला, इथपासून पंचाला जालन्यानं विकत घेतला, इथपर्यंत. पंच नेहमीच्या बाकावर बसून सगळ्यांना एकच उत्तर देत, "निवड बराबर झाली. संघ कच्चा निघाला तं मला बोला." संघ पहिल्या फेरीत हरला नाही, ही बातमी त्यांनी फाट्यावर थांबणाऱ्या प्रत्येक गाडीला दिली. उतारूंना तिचं काय देणंघेणं होतं कोण जाणे.

घरात मात्र त्यांची शिट्टी बंद पडली होती. काकू ताट आपटून वाढत आणि भिंतीकडे बघून बोलत. "दुसऱ्याच्या मायचं पोरगं खेळून राह्यलं, आन् आपलं रानात पाळी देऊन राह्यलं. सोताच्या हातानं पोराच्या पुढचं ताट उचललं ह्या मानसानं." दत्ता तर बापाशी बोलायचाच थांबला. दर रविवारी मोसंबीच्या ट्रकवर बसून तो जालन्याला कोचकडे जाऊ लागला. कशाला, ते पंचांनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. संध्याकाळी अंगणात तो उजवीकडून फिरायचा सराव करी. समोर कोपऱ्याचा गडी म्हणून उभं राहायला घरात दुसरं कोणी नसल्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. गुरांच्या लाथांची सवय असूनही माझ्या नडग्या काळ्यानिळ्या झाल्या. पंच ओसरीवरून बघत आणि तोंडातून चकार शब्द काढत नसत. त्यांच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल!

एकदा मी विचारलंच, वाईट नाही का वाटत?

"वाटनार न्हाई का?" ते म्हणाले. "पोरगं हाये माझं. त्या दिशी खिडकीत पाह्यलेलं त्याचं तोंड आजून जेवताना दिसतं मला. पन त्या दोनांच्या वाट्यातून घुसला असता ना, तं जल्मभर पंचाचं पोरगं म्हनून खेळला असता. दत्ता म्हनून कोनी पाह्यलं नसतं त्याला." मग आवाज उतरवून म्हणाले, "काकूला हे सांगू नका. तिचं बी बराबर हाये."

पुढच्या वर्षी पुन्हा निवड आली. मुलगा उभा आहे तर तुम्ही कमिटीतून उठा, असं गावातल्या एक-दोघांनी सुचवलं. पंच भडकले. "मी कामून उठू? मी काय चोरी केली?" ते बसले, बाकीच्या गड्यांवर कडाकडा भांडले, आणि दत्ताचा विषय निघाला तेव्हा छताकडे बघत राहिले. मी मैदानाच्या कडेला होतो. दत्ता त्या दिवशी डावीकडे झुकायचा आणि उजवीकडून निघून यायचा. धावड्याचा कैलास दोनदा रिकाम्या हातानं जमिनीवर पडला. तिसऱ्यांदा तर तो पडल्या पडल्या हसलाच.

कोचनं नावं वाचली. या वेळी दत्ता होता. वाटूरची माणसं "जालना! जालना!" म्हणून ओरडली. अण्णा बाहेर येऊन मोठ्यांदा म्हणाले, "घेतलं हो पोरगं, पंच!" आणि पाची तालुक्यांच्या त्या गर्दीत, जिथे प्रत्येक नावामागे कोणाचा भाचा, कोणाचा मेव्हणा हे जो तो शोधत होता, तिथे दत्ताच्या नावावर एक माणूस कुजबुजला नाही. मला तेव्हा इतका अभिमान वाटला, जणू माझाच भाऊ निवडला गेला.

पंच मात्र हसले नाहीत. त्यांनी अण्णांना विचारलं, "मंग भाईर बसला कोन?"

"आमचा कैलास," अण्णा म्हणाले. "बारावी जागा त्याची होती, ती दत्ताला गेली."

पंच गर्दीतून निघाले. कैलास हौदापाशी एकटा बुटाच्या नाड्या सोडत होता. पंच त्याच्या शेजारी काठावर बसले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ बसले, मग त्याची पिशवी उचलून खांद्याला लावली. मी दत्ताला घेऊन स्टँडवर पोचलो, तेव्हा आमची मंठ्याची गाडी लागली होती आणि पलीकडे भोकरदनची निघत होती. पंच कैलासच्या मागून त्या गाडीत चढत होते. दत्ता ओरडला, "दादा, आपली गाडी हिकडं हाये!" वर्षभरानं बापाला मारलेली ती पहिली हाक. पंचांनी दारातून मागे बघितलं, हात वर केला, आणि आत गेले.

वाटूर फाट्यावर हलगी होती, हार होते, ओवाळायचं ताट घेऊन काकू सगळ्यांच्या पुढे उभ्या होत्या. दत्ता उतरला. लोकांनी त्याला उचलून धरलं. काकूंची नजर त्याच्यावरून सरकून गाडीच्या दाराकडे गेली. दारातून मी उतरलो, आणि माझ्यामागे कोणी नव्हतं.

"हे कुठं हायेत?" त्यांनी विचारलं.

"धावड्याला गेले," दत्ता म्हणाला. "तिथलं पोरगं भाईर बसलं माझ्यापायी. त्याच्यासंगं गेले."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. एक जण म्हणालाही, की पंचाचं डोकं फिरलं, सोताच्या पोराचा हार सोडून परक्या गावाला गेला. काकूंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली, की तो मागे सरला. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि ताट वर उचललं.

"बराबर गेले," त्या म्हणाल्या. "त्या पोराच्या मायला कोनीतरी सांगाया पाहिजे ना."